बादलीतून आलेला मासा

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराच्या आसपासच्या तळ्यांवर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला एक चमत्कारिक कायदा पाळावा लागतो. गळाला लागलेला लांबट, सुळ्यांसारख्या दातांचा मासा होडीजवळ आला की प्रथम त्याच्या अंगावरची नक्षी नीट पाहायची. गडद हिरवट अंगावर फिकट ठिपके असतील तर तो ‘नॉर्दर्न पाइक’. त्याला जिवंत घेऊन जाणे हा गुन्हा. मारल्याशिवाय तो पाण्यापासून दूर न्यायचा नाही. फिकट अंगावर वाघासारखे गडद, उभे पट्टे असतील तर तो ‘टायगर मस्की’. तो ५० इंचांहून आखूड असेल तर त्याला इजा न करता पुन्हा पाण्यात सोडायचे आणि लांब असला तरी दिवसाला एकच ठेवायचा. ५० इंच म्हणजे चार फुटांहून अधिक. एवढा मासा आयुष्यात एकदा मिळाला तरी गळवाले धन्य होतात. दोन्ही मासे एकाच कुळातले, दोन्ही तितकेच खादाड. इतकेच काय, दुसऱ्याचा बाप पहिल्याच्याच जातीचा. बापाला देहान्त शासन आणि मुलाला राजाश्रय, असा हा न्याय आहे.

वरवर पाहता हा सरकारी लहरीपणा वाटेल. तसा तो नाही. ज्यांचा मासेमारीशी काडीचा संबंध नाही त्यांनीही या न्यायामागची कथा ऐकण्यासारखी आहे. सार्वजनिक पाण्यात कोणी काय सोडावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तिचा विषय आहे. आणि तो प्रश्न आपल्या धरणांनाही लागू पडतो.

पाइक हा मूळचा उत्तर युरोप, सायबेरिया, कॅनडा आणि अमेरिकेतील मिनेसोटा-विस्कॉन्सिनसारख्या सरोवरांच्या मुलखातला. आपल्याकडच्या मरळीची आठवण व्हावी असा त्याचा स्वभाव. पाणगवतात दबा धरून निश्चल राहायचे आणि टप्प्यात काही आले की बाणासारखे सुटायचे. त्याच्या पाठीवरचा पर थेट शेपटीजवळ असतो, त्यामुळे जागच्या जागी उसळी घेण्याची ताकद त्याला मिळते. मासे, बेडूक, बदकांची पिल्ले आणि वेळप्रसंगी स्वतःच्याच जातीची पोरे, काहीही त्याला वर्ज्य नाही. बर्फ वितळताच तो काठच्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. मोठी मादी एका हंगामात लाखाहून अधिक अंडी घालते. आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाने मासे धरण्यावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात या माशाला स्वतंत्र प्रकरण दिले. फ्रान्समधल्या लियॉन शहरात त्याच्या मांसाचे मऊ गोळे करून ते सॉसमध्ये शिजवतात आणि ते तिथले मानाचे पक्वान्न समजले जाते. तेव्हा पाइक हा काही जात्याच खलनायक नव्हे. स्वतःच्या घरात तो इतरांसारखाच एक मासा आहे.

मस्की, पूर्ण नाव मस्केलंज, हा त्याचा थोरला भाऊ शोभेल असा. अमेरिकेतील पंचमहासरोवरे, सेंट लॉरेन्स नदी आणि मिसिसिपीचा वरचा भाग हे त्याचे मूळ स्थान. आकाराने मोठा, संख्येने विरळ आणि गळाच्या बाबतीत महा हट्टी. ‘दहा हजार फेकींचा मासा’ अशी त्याची ख्याती आहे. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा तो तोंड लावणार. त्याच्यामागे लागलेली माणसे वीतभर लांबीची लाकडी आमिषे वापरतात. दोरी दातांनी कापली जाऊ नये म्हणून गळाजवळ पोलादी तार जोडतात. हा मासा आमिषाच्या मागोमाग होडीपर्यंत येतो आणि तिथे नुसता बघत थांबतो. अशा वेळी काठीचे टोक पाण्यात बुडवून आमिष इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत राहायचे. पुष्कळदा तो त्याच क्षणी झडप घालतो, आणि पुष्कळदा तुच्छतेने मान वळवून निघून जातो. दिवसभर रिकाम्या हाताने बसून संध्याकाळी ‘आज एक मागे आला होता’ एवढ्या भांडवलावर घरी परतणारी ही जमात आहे. क्रिकेटवेड्यांच्या देशात या वेडाला हसण्याचे कारण नाही.

पाइक नर आणि मस्की मादी यांच्या संकरातून टायगर मस्की होतो. दोघे जिथे शेजारी राहतात तिथे हा संकर क्वचित आपोआपही घडतो. टायगर मस्कीचा आजवरचा विक्रमी मासा, ५१ पौंड ३ औंस वजनाचा, १९१९ साली विस्कॉन्सिन आणि मिशिगन यांच्या सीमेवरील एका सरोवरात मिळाला, तो असा निसर्गतःच जन्मलेला होता. आज मात्र हा मासा मत्स्यबीज केंद्रांत मुद्दाम तयार करतात. तो आईबापांपेक्षा भरभर वाढतो, पण घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेल्या खेचरासारखा तो वांझ असतो. तळ्यात जितकी बोटुकली सोडाल तितकीच राहणार. त्यांतलीही काही मरणार, काही खाल्ली जाणार. सोडणे थांबवले की काही वर्षांत त्या तळ्यातून त्याचे नाव पुसले जाते. मत्स्यखात्यांना त्याचे आकर्षण वाटते ते या वांझपणामुळे. वॉशिंग्टन राज्याने १९८८ साली मेफील्ड या धरणाच्या जलाशयात तो प्रथम सोडला आणि नंतर कर्ल्यू, न्यूमन, सिल्व्हर अशा मोजक्या तळ्यांत नेला. न्यू मेक्सिको, युटा, कोलोरॅडो या राज्यांनीही हा प्रयोग केला आहे. नको त्या माशांची गर्दी झालेल्या तळ्यात एक भूक सोडायची आणि काम संपले की ती आपोआप विझू द्यायची, असा हा हिशेब.

या हिशेबातही एक गोम आहे, ती सांगितली पाहिजे. मेफील्डमध्ये ज्याचा बंदोबस्त करायचा होता तो ‘पाइकमिनो’ नावाचा मासा तिथला मूळ रहिवासीच आहे. (पाइकशी त्याचे नावापुरतेच नाते.) धरणांमुळे वाहत्या नद्यांची संथ तळी झाली, ती त्याला मानवली आणि त्याचे फावले. त्याचे फावण्यात त्याचा स्वतःचा दोष शून्य. कोलंबिया नदीवर तर १९९० सालापासून या माशाला पकडून देणाऱ्यास दर नगामागे रोख बक्षीस मिळते आणि काही पटाईत मंडळी एका हंगामात त्यावर भल्या नोकरदारांपेक्षा अधिक कमावतात. म्हणजे माणसाने नदी बदलायची, बदललेल्या नदीत जो तरला त्याला उपद्रवी ठरवायचे आणि त्याच्यावर बाहेरचा शिकारी सोडायचा. ‘मूळचा चांगला, परका वाईट’ अशी सोपी वाटणी करणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आता पाइककडे वळू. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला तो कधीच नव्हता. मोंटाना राज्यात कुणी हौशी माणसांनी तो बेकायदा आणून सोडला. तिथून नद्यांच्या वाटेने तो आयडाहोत आला आणि पुढे वॉशिंग्टनच्या पेंड ओरे नदीत पोहोचला. तिथल्या एका जलाशयात २००६ साली काही शेकडा असलेले पाइक चार वर्षांत काही हजारांवर गेले. २०१२ पासून कॅलिस्पेल या आदिवासी जमातीने राज्याच्या मत्स्यखात्याबरोबर दर वसंतात जाळी लावून ते उपसायला सुरुवात केली. तरीही ते खाली, ग्रँड कूली धरणाच्या अवाढव्य जलाशयात, उतरलेच. तिथे कॉलव्हिल जमातींच्या संघाने २०१७ पासून पाइकच्या प्रत्येक मुंडक्यामागे १० डॉलर देऊ केले. सिएटलला लागून असलेल्या लेक वॉशिंग्टनमध्येही २०१७ साली पाइक मिळाला. त्या सरोवराच्या पूर्वेच्या उपनगरांत आपल्याकडची पुष्कळ संगणक अभियंते मंडळी राहतात. नदीची कोणतीही वाट त्या सरोवरापर्यंत पाइकला आणत नव्हती; तो आला तो कुणाच्या तरी बादलीतूनच.

आदिवासींनी यात पदर खोचून उतरावे, याला कारण आहे. ग्रँड कूली धरण १९४२ साली पूर्ण झाले. त्यावर माशांना चढून जायला शिडी नाही. समुद्रातून येणारा सामन हा मासा या जमातींचे अन्न होता, दैवत होता आणि वर्षाचे पंचांगही होता. धरणाने त्याची वाट एका पिढीत कायमची तोडली. २०१९ पासून या जमातींनी धरणांच्या वरच्या पाण्यात सामन पुन्हा सोडायला प्रारंभ केला आहे. ऐंशी वर्षांनी परतणाऱ्या त्या माशांची पिल्ले खायला तोंड वासून कोण बसले आहे, तर कुणी तरी शनिवार-रविवारच्या करमणुकीसाठी आणलेला पाइक. अलास्कात हेच घडून चुकले आहे. तिथे पर्वताच्या एका बाजूला पाइक मूळचा आहे आणि कोणाची काही तक्रार नाही. दुसऱ्या बाजूला, सुसिट्नाच्या खोऱ्यात, तो विमानातून नेऊन सोडला गेला आणि अलेक्झांडर क्रीकसारख्या उथळ, गवताळ प्रवाहातला राजेशाही सामन जवळजवळ संपला. मासा एकच, फरक फक्त एका डोंगररांगेचा.

पण या साऱ्या प्रकरणात जो भाग खरोखर विचार करायला लावतो तो कॅलिफोर्नियातला आहे.

सिएरा नेवाडाच्या उत्तर टोकाला पोर्टोला नावाचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. रेल्वे आणि लाकूडतोड यांवर वाढलेले आणि ती दोन्ही ओसरल्यावर पर्यटकांकडे डोळे लावून बसलेले. गावाच्या वरच्या अंगाला १९६०च्या दशकात बांधलेल्या धरणाचे सुमारे चार हजार एकरांचे डेव्हिस सरोवर. गाव त्याचेच पाणी पीत असे आणि त्यातल्या ट्राउट माशांसाठी येणाऱ्या हौशी मंडळींवर दुकाने चालत. १९९४ साली या सरोवरात पाइक सापडला. राज्याच्या मत्स्यखात्याचे धाबे दणाणले, आणि ते विनाकारण नव्हे. सरोवरातून निघणारे पाणी फेदर नदीतून सॅक्रामेंटोला आणि तिथून समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात जाते. पाइक तिथवर उतरला असता तर राज्यातला उरलासुरला सामन धोक्यात आला असता. खात्याने ठरवले, सरोवरात विष टाकायचे.

हे विष म्हणजे रोटेनोन. ते उष्ण कटिबंधातल्या काही वेलींच्या मुळांतून निघते. कल्ल्यांवाटे ते माशाच्या रक्तात जाते आणि पेशींचा श्वास कोंडते. गेळाची फळे ठेचून ओढ्यात टाकायची आणि धुंद झालेले मासे वेचायचे, ही सह्याद्रीतली पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना नवी वाटणार नाही. फरक प्रमाणाचा आणि हेतूचा. इथे एका गावाच्या पिण्याच्या पाण्यात टनावारी औषध ओतायचे होते आणि पाइकबरोबर प्रत्येक मासा मरणार होता.

गाव उठले. सभा झाल्या, दावे झाले, रात्री मेणबत्त्या घेऊन लोक काठावर जमले. ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रत्यक्ष विषप्रयोगाच्या वेळी काही नागरिकांनी बर्फासारख्या पाण्यात उतरून स्वतःला बोयाला साखळीने बांधून घेतले. पोलीस बंदोबस्तात औषध टाकले गेले. सगळे काही आठवड्यांत निवळेल, असे खात्याने सांगितले होते. औषधाच्या मिश्रणातली काही रसायने पुढच्या वर्षापर्यंत पाण्यात रेंगाळली. पर्यटक फिरकेनासे झाले. गावाने सरोवराचे पाणी पिणे सोडले. १९९८ साली राज्याला गाव, जिल्हा आणि रहिवासी यांना मिळून ९० लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. आणि मे १९९९ मध्ये सरोवरात पुन्हा पाइक सापडला!

तो कुठल्या झऱ्याच्या तोंडाशी वाचून राहिला होता की कुणी पुन्हा आणून टाकला, यावर खूप वाद झाला. तो बाजूला ठेवू. यानंतर खात्याने जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. या खेपेस त्याने गावकऱ्यांना बरोबर घेऊन समिती नेमली. विष नको असेल तर काय करता येईल, हे दोघांनी मिळून पाहायचे ठरले. जाळी लावली, सापळे लावले, पाण्यात वीज सोडून मासे गोळा केले, उथळ खाड्यांत स्फोटकांच्या दोऱ्यासुद्धा उडवल्या. सहा-सात वर्षांत साठ हजारांहून अधिक पाइक काढले आणि तरी ते वाढतच राहिले. लाखाने अंडी घालणाऱ्या माशापुढे जाळ्यांचे काही चालेना, हे गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अखेर सप्टेंबर २००७ मध्ये सरोवर बरेच खाली उतरवून दुसऱ्यांदा रोटेनोन टाकण्यात आले. या वेळी मिश्रण वेगळे होते आणि सरोवराला मिळणारे सगळे ओढे, झरे, पाणथळ जागा यांतही ते टाकले गेले. गाव तेव्हा ते पाणी पीत नव्हते. खर्च दीड कोटी डॉलरहून अधिक झाला. विरोध पूर्वीच्या मानाने किरकोळ होता. नंतर ट्राउट पुन्हा सोडले गेले आणि तेव्हापासून त्या सरोवरात पाइक आढळलेला नाही.

दहा वर्षांच्या अंतराने तेच सरोवर, तोच मासा, तेच विष. पहिल्यांदा बंड झाले, दुसऱ्यांदा संमती मिळाली. पहिल्या वेळी खात्याचे शास्त्र अगदीच चुकीचे होते असे नाही; खालच्या नद्यांविषयीची त्याची भीती रास्तच होती. पण अज्ञानी आणि भावनाप्रधान म्हणून ज्यांना बाजूला सारले, त्यांनी विचारलेले प्रश्न खरे निघाले आणि खात्याने दिलेला भरवसा खोटा ठरला. आमच्या मते खात्याचा खरा अपराध हा होता. साठ हजार मासे हातांनी उपसण्याची ती सहा-सात वर्षे काही हिशेबनिसांना वाया गेलेली वाटतील. त्या वर्षांनीच दुसरी मोहीम शक्य केली.

आपल्याकडे पाइक नाही, मस्कीही नाही. बादल्या मात्र आहेत, आणि पिंपेही. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या पसरलेल्या पाण्यात आज भिगवणच्या बाजारात जाऊन पाहावे. मासळीत चिलापीचे राज्य दिसते. हा तिलापिया आफ्रिकेतला. १९५२ साली तो प्रथम भारतात आणला गेला. त्याने कटला-रोहूंना आणि नदीच्या मूळच्या वाणांना किती मागे रेटले, हा अभ्यासकांचा विषय. पण आज शेकडो मच्छीमार कुटुंबांची चूल आणि रस्त्याकडेच्या खाणावळींची मच्छीथाळी त्याच्यावर चालते, हेही तितकेच खरे. त्याला शत्रू ठरवून जाळी लावायला त्या कुटुंबांना कोण सांगणार? मांगूरची गोष्ट निराळी. या आफ्रिकी माशाच्या पैदाशीवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. २०१९ साली हरित लवादाला साठे नष्ट करण्याचा आदेश द्यावा लागला, यावरून मधली एकोणीस वर्षे बंदी कुठे होती ते समजते. आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीतून कंटाळा आला म्हणून सोडून दिलेला सकर मासा आता मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही.

बेकायदा बादलीला दोष देणे सोपे आहे. सरकारमान्य, सद्‌हेतूने भरलेल्या बादलीचे काय? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकाच्या आरंभी महसीरचे मत्स्यबीज तयार करण्याचे मोठे काम उभे केले. आपल्या नद्यांतल्या निळ्या परांच्या महसीरला त्याने निश्चित आधार दिला. त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण हीच बोटुकली देशभर वाटली गेली आणि कावेरीतही सोडली गेली. कावेरीत तिथला स्वतःचा, पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक नांदत होता. पाहुणा वाढत गेला, घरचा घटत गेला. हे उघडकीस आले ते २०१५ साली, तेही सरकारी पाहणीतून नव्हे. कावेरीकाठच्या गळवाल्यांच्या तळावर वर्षानुवर्षे लिहिलेल्या पकडीच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा. २०१८ साली कुबडा महसीर जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. त्याच वर्षी आपला निळा महसीर धोक्याच्या यादीतून बाहेर आला.

कावेरीतला निळा महसीर आता परत बोलावता येत नाही, उजनीतला चिलापीही नाही. टायगर मस्की बोलावता येतो. वॉशिंग्टनच्या मत्स्यखात्याला आपली चूक उमगली तर पुढच्या वर्षी बोटुकली न सोडणे एवढेच त्याने करायचे. एवढी शहाणपणाची सोय आपण कोणत्याच जलाशयात ठेवलेली नाही. पावसाळ्यात धरणे भरली की मत्स्यबीजाची पिंपे काठावर उतरतात. ठेकेदार हजर असतो, सोसायटीचे चेअरमन असतात, कधी हार घालून घेणारे पुढारीही असतात. पिंपात कोणती जात आहे, ती कुठल्या केंद्रातून आली, तिच्याबरोबर नकळत आणखी काय आले आणि हे पाणी खाली कुठे जाते, हे विचारणारा माणूस तिथे नसतो. ज्या गावाला त्या पाण्याचा नळ आहे त्या गावाच्या ग्रामसभेपुढे ती यादी आधी ठेवावी आणि काय सोडले याची वही काठावरच्या भोई वस्तीत राहावी, एवढी मागणी तरी करायला हरकत नाही. कावेरीच्या गळवाल्यांनी दाखवून दिले आहे की अशी वही कोणत्याही खात्याच्या अहवालाहून अधिक बोलते.

उजनीत पहिला सकर मासा कोणी टाकला, हे आज कोणी सांगू शकणार नाही. दोन वेळा विष, कोट्यवधी डॉलर आणि चौदा वर्षे खर्ची पडल्यावरही डेव्हिस सरोवरात पहिला पाइक कोणी सोडला, हे कॅलिफोर्नियाला कळलेले नाही.